सरनाईक सरांची पारख

"सरनाईकाबरोबर आपला माणूस गेला पाहिजे," बबनराव पिसाळ म्हणाले. बशीतला चहा तसाच ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जया, तू जायचंस."

आमच्या कॉलेजच्या मैदानाच्या फाटकासमोर म्हादूचा चहाचा गाडा होता. सामना असला की तो संपल्यावर आम्ही तिथं जमायचो, आणि नसला तरी जमायचो. त्या संध्याकाळी आम्ही टेकडीच्या कॉलेजकडून हरून आलो होतो. हरण्याचं एवढं काही नव्हतं. पण टेकडीकडून गोल मारणारी दोन्ही पोरं आमच्या सरनाईक सरांनी आदल्या वर्षी गडहिंग्लजकडं जाऊन पाहिलेली होती. पाहून आले, "बघू" म्हणाले, आणि जून उजाडल्यावर ती पोरं टेकडीच्या निळ्या जर्सीत दिसली.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून समजत नाही. मी तळ्याकाठच्या ह्या कॉलेजातून बाहेर पडून बरीच वर्षं झाली होती. शिकत असताना टीममध्ये कधी माझी वर्णी लागली नव्हती. उद्यमनगरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, घरी बायको होती, लहान मुलगी होती. तरी आमची टीम हरली की दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. पिसाळांचं सायकलचं दुकान होतं. कुंभार मास्तर प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. त्यांचंही असंच.

टीमचे मुख्य कोच इंगवले सर. म्हातारे, देवमाणूस. त्यांच्याबद्दल वावगं बोलायची कुणाची छाती नव्हती. सरनाईक त्यांचे सहायक. बचावफळी तयार करायची आणि गावोगावी हिंडून नवी पोरं हुडकायची, ही त्यांची कामं. त्यामुळं हिशोब सोपा होता. जिंकलो की इंगवले सरांमुळं, हरलो की सरनाईकांमुळं.

तसं नेहमीच नव्हतं. सरनाईक आले त्याच्या पुढच्याच वर्षी विद्यापीठाची ट्रॉफी आमच्याकडं आली, तेव्हा ह्याच पिसाळांनी ह्याच गाड्यासमोर त्यांच्या गळ्यात हार घातला होता. आता त्याच माणसाचं माप आम्ही नव्यानं काढायला बसलो होतो.

"ट्रॉफी आली ती इंगवल्यांच्या जुन्या पोरांवर," कुंभार मास्तर म्हणाले. "ह्यानं आणलेला एक उदय चौगुले सोडला तर कोण होतं सांगा."

"आणि त्याचाही गुडघा गेला," मी म्हणालो.

"ते नशीब. पण त्यानंतर? चांगलं पोरगं दिसलं की हा माणूस बघायला जातो, आणि ते पोरगं टेकडीला जातं. आपल्याकडं येतात ती उरलीसुरली. एकदा झालं तर आपण समजून घेऊ. दरवर्षी कसं होतं?"

पिसाळ सावकाश म्हणाले, "फितूर हाय. मी लई दिवस तोंड दाबून होतो. आता इंगवले सरांना सांगून आलोय, पुढच्या खेपेला आमचा माणूस बरोबर असणार. ते हो म्हणाले."

"आणि सरनाईक?"

"त्यो काय म्हणणार? हो म्हणाला. हसला वर."

ते हसणं पिसाळांना फार लागलं होतं.

*

सरनाईक सर एसटी स्टँडवर माझ्या आधी येऊन उभे होते. उंच, शिडशिडीत माणूस, पोरासारखा खांद्याला पिशवी लावलेला. चाळिशी ओलांडली असेल. गाडीत मी मुद्दाम मागच्या बाकाकडं निघालो, तर म्हणाले, "जयसिंगराव, नजर ठेवायला आलाय ना? मग शेजारीच बसा. मागनं माझं डोकं तेवढं दिसणार."

मी शेजारी बसलो.

आजऱ्याच्या पुढच्या एका गावात सांतान बारदेस्कर नावाचा मुलगा होता. बारावी झालेला. त्याला पाहायला आम्ही निघालो होतो. वाटेत मीच विचारलं, "कसा आहे म्हणतात पोरगा?"

"तुम्हीच बघा. मी सांगितलं तर तुम्हाला खरं वाटायचं नाही."

गडहिंग्लजला गाडी थांबली. "आलोच," म्हणून सर उतरले. मी खिडकीतून पाहत राहिलो. कॅन्टीनच्या बाजूला एक माणूस मोटरसायकलला टेकून उभा होता. सर सरळ त्याच्याकडं गेले. त्या माणसानं तोंड वळवलं आणि मी त्याला ओळखलं. टेकडीच्या कॉलेजचे कोच मोहिते. ह्या माणसाला आम्ही मैदानाच्या पलीकडून वर्षानुवर्षं शिव्या घालत आलो होतो.

दोघं जवळ उभं राहून बोलत होते. सर हातानं काहीतरी समजावत होते. मोहित्यांनी आधी नाही म्हणून मान हलवली, मग थोडं थांबून होकार दिल्यासारखं केलं आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवला. पिसाळ म्हणाले ते डोळ्यांसमोर घडत होतं. आणि तेही माझ्या देखत, लपवायची तसदी न घेता. मला त्याचाच जास्त राग आला.

सर येऊन बसले. गाडी सुटली.

"कोण होतं?" मी विचारलं.

"मोहिते. त्यांचं घर इथलंच. मी निरोप धाडला होता."

"काय काम होतं?"

"परत येताना सांगतो," ते म्हणाले. "आत्ता सांगितलं तर तुम्ही पोरगा नीट बघणार नाही."

मी तोंड फिरवून बाहेर बघत बसलो. संध्याकाळी गाड्यावर जाऊन काय काय सांगायचं, ते मनात जुळवायला मी तेव्हाच सुरुवात केली होती.

*

गावातलं मैदान चर्चच्या शेजारी होतं. तांबडी जांभ्याची जमीन, गवताचं नाव नाही. आजूबाजूला काजूची झाडं. गावातली आणि शेजारच्या गावातली पोरं खेळत होती. आम्ही पोचलो तेव्हा सामना सुरू झालेला होता. सांतान कोणता, ते विचारायची गरज पडली नाही.

काळा, काटकुळा पोरगा, अनवाणी. डाव्या बाजूनं खेळत होता. बॉल त्याच्याकडं आला की समोरचा बचावपटू आपोआप दोन पावलं मागं सरायचा. तरी पोरगा घाई करायचा नाही. बॉल पायाखाली ठेवून जरा उभा राहायचा, समोरच्याला वाटू द्यायचा की आता मिळाला, आणि मग नुसता खांदा झुकवून निघून जायचा. एकदा तर त्यानं काट्यांच्या कुंपणाला लागून बॉल काढला, दोघांना चकवलं आणि स्वतः गोल मारायचा सोडून मागून येणाऱ्या पोराच्या पायात तो अलगद ठेवला. त्या पोरानं बॉल बाहेर घालवला. सांताननं कपाळाला हात लावला नाही. त्याच्या पाठीवर थाप मारली आणि परत आपल्या जागेवर आला.

मी उभा राहिलो होतो. कधी उभा राहिलो, ते कळलं नाही.

"कसा वाटला?" सरांनी विचारलं.

"सर, हा आपल्याकडं आला पाहिजे." "काहीही करून. हा आला तर पुढची तीन वर्षं आपल्याला कोण अडवत नाही."

"हं," सर म्हणाले.

"हं काय? तुम्हाला नाही वाटत?"

"तुमच्यापेक्षा जास्त वाटतं. चला, घरी जाऊ. आई वाट बघत असेल."

*

सांतानचं घर मैदानापासून जवळच होतं. पुढं शेणानं सारवलेली ओटी, आत भिंतीवर मरियेची तसबीर. त्याचे वडील मुंबईला कामाला. आई फिलोमिनाबाई नुकतीच काजूच्या कारखान्यातून आलेली. काजू फोडून फोडून बोटं चिकानं काळी पडलेली. तिनं आम्हाला चटईवर बसवलं, गूळ आणि पाणी दिलं आणि उंबऱ्याशी बसली. सांतान पाय धुऊन आला आणि दाराला टेकून उभा राहिला.

सरांनी माझी ओळख करून दिली. "हे जयसिंगराव. कोल्हापूरला असतात. आमच्या कॉलेजचे जुने विद्यार्थी. टीमवर ह्यांचा फार जीव. ते सांगतील तुम्हाला कॉलेजबद्दल."

हे मला अनपेक्षित होतं. पण मी बोलायला लागलो तो थांबलोच नाही. ट्रॉफी सांगितली. मैदान सांगितलं, सामन्याला जमणारी गर्दी सांगितली. कोल्हापुरात खेळाडूला कसं डोक्यावर घेतात ते सांगितलं. पोराच्या डोळ्यांत चमक येत होती, ती बघून मला आणखी सुचत होतं. बाई ऐकत होती. माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या हातांकडं बघत होती.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "दादा, तुमी उदय चौगुलेला ओळखता?"

"ओळखतो की. काय खेळायचा. तुम्हाला कसा ठाऊक?"

"पलीकडच्या वाडीचा त्यो. माझ्याच शेजारी बसतोय कारखान्यात. आमी सगळ्या बायका, आन् त्यो एकटा गडी. त्याला लई येळ उभं ऱ्हाता येत न्हाई, म्हून बसून करायचं काम दिलंय मालकानं."

मी सरांकडं पाहिलं. सर ओटीवरून बाहेर बघत होते.

"त्याचं शिक्षान?" मी विचारलं.

"ते तुमीच सांगा की. तुमच्या कॉलेजात हुता नव्हं?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. चौकशी करावी तसं ती विचारत होती. "पाय गेल्यावर पुढच्या वर्साला त्याची हॉस्टेलची खोली दुसऱ्या खेळणाऱ्या पोराला दिली. मग त्यो कुठं ऱ्हाणार? आला निघून गावाकडं. परीक्षा ऱ्हाईलीच."

मला हे खरंच माहीत नव्हतं. गुडघा गेला, एवढंच आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या जागी आलेल्या पोराचं नाव मात्र मला पाठ होतं.

"माझं एवढंच इचारणं हाय," ती म्हणाली. "ह्याचा बी पाय मोडला, तर तुमचं कॉलेज ह्याला पदवी हुईस्तवर ठिऊन घेईल का?"

ती सरांना विचारत होती. सरांनी मान वळवली आणि शांतपणे म्हणाले, "मी नोकरीला आहे, वहिनी. मी काय बोलणार ते तुम्ही धरून चालला असाल. ह्यांना विचारा. ह्यांना कॉलेज माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, आणि ह्यांच्यावर कसली बंधनं नाहीत."

आता बाईनं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं पाहिलं.

मला हो म्हणता आलं असतं. एवढा एक शब्द बोललो असतो तर पोरगा आमचा होता. ती मला ओळखत नव्हती, मीही पुन्हा कधी त्या गावात पाय ठेवणार नव्हतो. काट्यांच्या कुंपणाला लागून काढलेला तो बॉल अजून माझ्या डोळ्यांसमोर होता. आणि दाराला टेकलेला पोरगा माझ्याकडं असा बघत होता, की मी हो म्हणावं असं आईपेक्षा त्यालाच जास्त वाटत असावं.

"नाही ठेवणार, वहिनी," मी म्हणालो. "आजवर कुणाला ठेवलेलं मी तरी पाहिलं नाही."

पोरगा आत गेला. बाईनं उठून चुलीवर चहाचं आधण ठेवलं. निघताना तिनं सरांना ओटीच्या कडेला थांबवून हळू आवाजात काही विचारलं, आणि सरांनी तिला तितक्याच हळू काही सांगितलं. मला ऐकू आलं ते एवढंच, "मोहिते म्हणून आहेत."

*

फाट्यावर गाडीची वाट बघत आम्ही दगडावर बसलो होतो.

"तुम्ही मला मुद्दाम नेलंत तिथं," मी म्हणालो.

"हो."

"ती काय विचारणार, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"सगळ्याच आया तेच विचारतात. ह्या भागात तर उदयचं नाव घेऊनच विचारतात. त्याला मीच आणला होता, जयसिंगराव. त्याच्या आईला मी सांगितलं होतं, काळजी करू नका, कॉलेज बघेल. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं."

"मग कॉलेजला सांगायचं होतं ना."

"सांगितलं की. प्राचार्यांना सांगितलं, दर वर्षी सांगतो. इंगवले सरांनीही सांगितलं. खोल्या थोड्या आहेत, खेळणाऱ्याला द्यायच्या, असा नियम आहे म्हणतात."

मग मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. "म्हणजे ती आधीची पोरं टेकडीला तुम्हीच पाठवलीत."

"मी पाठवली नाहीत. त्यांच्या घरच्यांनी विचारलं, कुठलं कॉलेज खेळलं नाही तरी ठेवून घेतं? मोहिते ठेवतात. ते मी सांगितलं. आज सकाळी त्यांना तेच विचारत होतो, एक खोली मिळेल का."

"सर, हे आणि पाठवणं एकच झालं."

"हो," ते म्हणाले. "एकच आहे. तुमचे पिसाळ म्हणतात ते अगदीच खोटं नाही."

त्यांनी नाकारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणालो, "मग तुम्ही टेकडीलाच का जात नाही?"

मी काही भलतंच बोललो असल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "अहो, मी ह्याच कॉलेजकडून खेळलोय. टेकडी जिंकली की मला काय होतं, ते तुम्हाला सांगायला पाहिजे?"

गाडी आली.

*

गाड्यावर सगळे माझी वाट बघत होते. पिसाळांनी मला बसूही दिलं नाही. "काय झालं?"

"पोरगा फार मोठा खेळाडू आहे," मी सांगितलं. "येत नाही आपल्याकडं."

"बघा," पिसाळ इतरांकडं वळले. "मी काय म्हणत होतो? सरनाईकानं काय सांगितलं त्यास्नी?"

"सरनाईकांनी काही सांगितलं नाही. मी सांगितलं."

मग मी सगळं सांगितलं. मोहिते, चौगुले, काजूचा कारखाना, बाईचा प्रश्न आणि माझं उत्तर. काही लपवलं नाही. म्हादूनंसुद्धा स्टोव्ह बारीक करून ऐकलं. चौगुलेचं ऐकून कुंभार मास्तरांनी चष्मा काढून हातात धरला. पण पिसाळ ऐकता ऐकता वेगळेच लाल होत गेले.

"जया, तुला फितवला त्यानं," ते म्हणाले. "बाईला आधी पढवून ठेवली असंल. हे समदं नाटक हाय."

"मी स्वतः पाहिलं, बबनराव."

"तू बघितलंस ते त्यानं दाखवलं म्हणून. पुढच्या खेपेला मी जातो. माझ्याफुडं कसं नाटक करतोय बघू."

त्या दिवसापासून काही जण माझ्याशी तुटक वागायला लागले. माझी कुणाशी तरी बोलणी झालीत, असंही कुणी म्हणालं. मी दोन आठवडे गाड्याकडं फिरकलो नाही.

पिसाळ गेले ते चंदगडकडं. परत आले त्या संध्याकाळी म्हादूनं मला दुकानात निरोप पाठवला, म्हणून मी गेलो. पिसाळ बाकावर बसले होते, पायांत धुळीनं भरलेल्या चपला. कुंभार मास्तरांनी विचारलं, "कसं आहे पोरगं?"

"पोरगं चांगलं हाय. येत न्हाई."

"का?"

"का म्हणजे? न्हाई येत म्हणजे न्हाई येत." त्यांनी चहा बशीत ओतला आणि पीत राहिले. मग माझ्याकडं न बघता जरा सरकून बाकावर जागा केली.

मी बसलो. काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सरनाईक फितूर आहेत, हे त्यांनी त्यानंतर कुठंही म्हटलेलं मी ऐकलं नाही. मात्र आम्ही हरलो की शिव्या सरनाईकांनाच पडत राहिल्या. मेमध्ये आम्ही सगळे मिळून प्राचार्यांकडं गेलो, पाय मोडला तरी पोराची खोली काढून घेऊ नका, हे सांगायला. त्यांनी बसवलं, चहा दिला आणि विचार करू म्हणाले. पिसाळ तिथंच म्हणाले, "विचार करा, आमी पुढच्या महिन्यात परत येतो." आम्ही परत गेलो. परत चहाच मिळाला.

सांतान बारदेस्कर टेकडीला गेला. पहिल्याच पावसाळ्यात सरावात त्याच्या पायाचं हाड मोडलं. सबंध वर्ष तो मैदानात दिसला नाही. कुंभार मास्तरांचा एक विद्यार्थी टेकडीच्या हॉस्टेलला होता. तो सांगायचा, पोरगा तिथंच आहे, कुबडी घेऊन वर्गात येतो.

त्याच्या पुढच्या वर्षी आमची त्यांच्याशी गाठ पडली. स्टेडियम गच्च भरलेलं. उत्तरार्धात मोहित्यांनी डावीकडचा खेळाडू बाहेर काढला आणि एक काळा काटकुळा पोरगा आत आला. पायांत आता बूट होते. थोड्याच वेळात बॉल त्याच्याकडं आला. तो जरा थांबला, आमच्या बचावपटूला त्यानं बॉल मिळाल्यासारखं वाटू दिलं आणि खांदा झुकवून निघाला. पुढच्यालाही त्यानं तसंच मागं टाकलं. ह्या वेळी मागून येणारं कुणी नव्हतं. त्यानं स्वतःच मारला.

आमची बाजू गपगार झाली. पिसाळ उठून कठड्याशी गेले आणि खाली आमच्या बाकाकडं बघून सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "सरनाईक, असलं पोरगं हातचं घालवलंस. जनाची न्हाई तर मनाची तरी ठेव."

सरनाईक सरांनी मागं न बघता एक हात वर केला.

पिसाळ येऊन माझ्या शेजारी बसले. धाप लागली होती. खाली पोरं सांतानच्या अंगावर चढून नाचत होती. तो त्यांच्यातून कसाबसा सुटला आणि आपल्या जागेकडं पळत निघाला. त्याच्या पावलांवरून पिसाळांची नजर हलली नाही.

"हाड नीट जुळलंय त्याचं," ते हळूच म्हणाले. "अजाबात लंगडत न्हाई."